पिठाच्या डब्यावरची तारीख आणि खणातली बाटली



आमच्या बिबवेवाडीच्या घरात पिठाच्या डब्यावर नेहमी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. दळण आणलं त्या दिवसाची तारीख. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. मर्यादा संपली की ते पीठ आमच्या पोळीत जात नाही. म्हणून दळणही थोडं थोडं आणायचं. ही चिठ्ठी सासूबाई लिहितात. वय ७४, पण अक्षर अजून ठसठशीत. पाणी गाळायचं फडकं त्यांच्याच हातचं. तांदूळ निवडायला बसल्या की शेजारी दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत, आमची नजर त्यांना पुरेशी वाटत नाही! एकदा कुणीतरी च्यवनप्राशचा डबा भेट दिला, तर झाकण उघडायच्या आधी त्यांचा प्रश्न, "यात मध असतो ना गं?" डबा तसाच परत गेला.

आणि त्याच घरात, ओट्याखालच्या खणात, दोन वर्षं एक बाटली होती. ती कुणीही वाचली नव्हती. आज तिच्याबद्दल लिहायचं आहे. लिहायला जड जातंय, पण तुमच्यापैकी अनेकींच्या खणात अशी बाटली असेल म्हणून लिहिते.

माझा भाचा अमेरिकेत असतो. दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा चॉकलेटं, बदाम आणि मल्टिव्हिटॅमिनची एक भली मोठी बाटली घेऊन आला. "मावशी, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी आहे. तुम्ही पण घ्या, आजींना पण द्या." लालसर, मऊ, चकचकीत गोळ्या. त्या वेळी आईंच्या (सासूबाईंना मी आईच म्हणते) तक्रारी सुरू झाल्या होत्या. थकवा यायचा, तळपायाला मुंग्या यायच्या, जीभ झोंबायची. मी रोज नाश्त्यानंतर त्यांच्या हातावर एक गोळी ठेवायला लागले. त्या तिला 'ताकदीची गोळी' म्हणायच्या. मी स्वतः आठवण झाली की घ्यायचे. बाटली संपली की पुढच्या सुट्टीत येणाऱ्या कुणाकडून तरी दुसरी मागवायची, मधे महिना-दोन महिने खंड पडला तरी कुणाला काही वाटायचं नाही.

आज मागे वळून बघताना एक गोष्ट टोचते. गोळी सुरू झाली आणि आम्ही आईंचं ऐकणं बंद केलं. त्या म्हणायच्या, "पायाखाली काय आहे ते नीट कळत नाही गं." मी म्हणायचे, "आई, गोळी चालू आहे ना? होईल हळूहळू." एकदा देवळातून येताना एक चप्पल पायातून निसटली आणि त्यांना कळलंच नाही, चार पावलं तशाच चालल्या. आम्ही हसलो. त्याही हसल्या. जाप करताना माळेचे मणी मागेपुढे व्हायला लागले, तेव्हा आम्ही म्हटलं, वय झालं.

मागच्या दशलक्षण पर्वात आईंची एकाशनं होती. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "ही गोळी एकाशनाच्या जेवणात घेतली तर चालेल ना? त्यात काय काय आहे ते पोरीला वाचायला सांग." दोन वर्षांत पहिल्यांदा हा प्रश्न आला, आणि तोही त्यांच्याकडूनच. माझी मुलगी पूर्वा बाटली घेऊन खिडकीपाशी गेली. वरची जीवनसत्त्वांची यादी मोठ्या अक्षरात होती. ती वाचून झाली. मग अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, 'इतर घटक'. ती थांबली आणि स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "आई, जिलेटिन कशापासून करतात माहितीये तुला?"

मला अर्धवट माहीत होतं. पूर्ण तिने सांगितलं. गुरांची, डुकरांची कातडी आणि हाडं यांवर प्रक्रिया करून, ती उकळून जिलेटिन काढतात. काही वेळा माशांपासूनही. मऊ गोळीचं ते चकचकीत आवरण बहुतेक वेळा त्याचंच असतं. दोन तुकड्यांच्या कडक कॅप्सूलही बऱ्याचदा त्याच्याच.

मी खाली फरशीवर बसले. ज्या बाईने लग्नानंतर पन्नास वर्षं सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय काही घेतलं नाही, मधाचं बोट चाटलं नाही, तिच्या हातावर मी रोज सकाळी हे ठेवत होते. तेही प्रेमाने.

सांगावं की नाही? घरात दोन दिवस हीच चर्चा, तीही कुजबुजत. यजमान म्हणाले, "अजाणता झालंय. सांगून त्यांना त्रास कशाला? गोळी बंद कर, विषय संपला." पूर्वा म्हणाली, "त्यांचं व्रत आहे, तुमचं नाही. त्यांना माहीत असायला हवं." मी गप्प राहिले. गोळी मात्र त्याच दिवशी बंद केली आणि आईंना "संपली" असं सांगितलं. म्हणजे पर्वाच्या दिवसांत वर आणखी एक खोटं!

मग क्षमावाणीचा दिवस आला. दर वर्षी आपण सगळ्यांना हात जोडून म्हणतो, जाणते-अजाणतेपणी काही चुकलं असेल तर क्षमा करा. वाक्य इतकं सवयीचं झालंय की म्हणताना मनात काहीच येत नाही. यंदा आईंच्या पाया पडले आणि ते वाक्य घशातच अडकलं. कारण यंदा काय चुकलं ते मला नेमकं ठाऊक होतं. तिथेच बसून सगळं सांगितलं. संपल्याचं खोटं बोलले तेही सांगितलं.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "तुला माहीत नव्हतं. मी पण विचारलं नाही. पीठ विचारून घेते, गोळी विचारली नाही." दुसऱ्या दिवशी चातुर्मासासाठी आलेल्या माताजींकडे जाऊन आल्या, त्यांनी दिलेलं प्रायश्चित्त केलं. काय दिलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. माझ्याशी वागण्यात तसूभर फरक पडला नाही. फक्त एक घोषणा झाली: "आता मला कुठलीच गोळी नको." म्हणजे साखरेची पण नको! दोन दिवस ती गोळीही घेतली नाही, म्हणून घाबरून त्यांना आमच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

आणि तिथे दुसरा धक्का बसला.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मुंग्यांचंही. एक कंप पावणारा चिमटा वाजवून आईंच्या पायाच्या अंगठ्याला लावला. "कळतंय का काही?" आईंना काहीच कळत नव्हतं. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तर तोल गेला. रक्त तपासायला दिलं. बी-ट्वेल्व्ह आलं ११२. प्रयोगशाळेच्या कागदावर खालची मर्यादा २०० च्या आसपास छापलेली होती. दोन वर्षं 'सगळी जीवनसत्त्वं असलेली' गोळी घेऊनही ११२!

मी विचारलं, हे कसं? डॉक्टरबाईंनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते.

बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व कुठलीही वनस्पती तयार करत नाही. प्राणीही करत नाहीत. ते फक्त सूक्ष्म जिवाणू बनवतात, आणि मग ते प्राण्यांच्या शरीरात साठतं. म्हणून आपल्यासारख्यांना ते मिळायची खात्रीची एकच जागा, दूध आणि दुधाचे पदार्थ. मोड आलेली कडधान्यं, आंबवलेलं पीठ, स्पिरुलिना यांच्याबद्दल मोबाइलवर काहीही फिरत असतं, पण बी-ट्वेल्व्हसाठी त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. शरीराला गरज अगदी थोडी, दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-अडीच. पण तेवढंही रोज शोषलं जायला हवं. त्यासाठी पोटात आम्ल लागतं आणि जठरात तयार होणारं एक खास प्रथिन लागतं. वय वाढलं की हे काम मंदावतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांमध्ये शोषण कमी होतं. आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्येही. आई मेटफॉर्मिन बारा वर्षं घेतायत, आणि पित्ताची गोळी तर आमच्या घरात गोळीत धरलीच जात नाही. त्यात चहात टाकलेल्या दोन चमच्यांपलीकडे दूध नाही. त्या बाटलीतल्या गोळीत बी-ट्वेल्व्ह होतं सहा मायक्रोग्रॅम, तेही खंड पाडत घेतलेलं. उंदराच्या बिळात घागरभर पाणी ओतून विहीर भरायची वाट बघण्यासारखं ते होतं.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. मल्टिव्हिटॅमिनच्या बहुतेक गोळ्यांमध्ये फोलिक ॲसिड असतं. बी-ट्वेल्व्ह कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड भरपूर मिळालं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, अशक्तपणा झाकला जातो, पण आत नसांचं नुकसान चालूच राहतं. आईंचं हिमोग्लोबिन ११.४ होतं. "या वयाला ठीक आहे" असं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

घरी येऊन मी आणि पूर्वाने वाचायला सुरुवात केली, आणि पहिल्यांदा कळलं की हा प्रश्न आपल्या पुण्यातच किती वर्षं तपासला जातोय. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ साली ते प्रसिद्ध झालं. ६७ टक्के लोकांमध्ये बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. त्यातही सगळ्यात जास्त कुणामध्ये? खेड्यातल्या नाही, झोपडपट्टीतल्या नाही, तर शहरातल्या मध्यमवर्गात. तिथे ८१ टक्के. म्हणजे आपल्यासारख्या, फ्रिज भरलेल्या घरांत. शाकाहारी लोकांमध्ये धोका बराच जास्त दिसला.

ते सगळे पुरुष होते. बायकांचं काय? त्याचंही उत्तर आहे. १९९३ पासून याच मंडळींनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. जवळजवळ दोन तृतीयांश आयांमध्ये बी-ट्वेल्व्ह कमी होतं. फोलेटची कमतरता मात्र फक्त एकीत. भाजीपाला खाणारी माणसं, त्यामुळे फोलेट होतंच. २००८ मध्ये त्यांनी मांडलं की ज्या आयांमध्ये फोलेट जास्त आणि बी-ट्वेल्व्ह कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच, पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी, इन्शुलिन नीट काम न करण्याची लक्षणं सगळ्यात जास्त होती. पुढे हीच मुलं वयात आल्यावर त्यांना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-ट्वेल्व्ह देऊन अभ्यास केला गेला. ज्यांच्या घरात सून किंवा लेक दिवस गेलेली असेल, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. फोलिक ॲसिडची गोळी सगळ्याच डॉक्टर देतात, ती घ्यायलाच हवी, पण आपण दूध किती घेतो हे त्यांना स्वतःहून सांगा आणि बी-ट्वेल्व्ह तपासायचं का ते विचारा.

तर हे सगळं वाचून मी शहाणी झाले. आईंचं काय? त्यांचा नकार कायम होता.

"आमच्या वेळी कुठे होत्या गोळ्या? शुद्ध खाल्लं की सगळं मिळतं."

मी म्हटलं, "आई, शुद्ध आणि पुरेसं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत." त्यांना ते पटलं नाही. डॉक्टरबाई इंजेक्शन देणार होत्या. ते तोंडावाटे जात नाही, तरी यांचा प्रश्न, "पण ते कशातून काढतात?" यावेळी मी आधी वाचून ठेवलं होतं. या औषधाचा इतिहास ऐकाल तर अंगावर काटा येईल. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टर मायनट आणि मर्फी यांनी एका जीवघेण्या रक्तक्षयावर उपाय शोधला, तो म्हणजे रोज पावशेरभर जनावराचं यकृत खाणं. त्या काळी हा आजार झालेल्या माणसाला दुसरा मार्गच नव्हता. १९४८ मध्ये त्यातला नेमका पदार्थ वेगळा काढता आला, लाल रंगाचे स्फटिक, तेच बी-ट्वेल्व्ह. आज मात्र यकृत लागत नाही. मोठ्या टाक्यांमध्ये जिवाणू वाढवून, आंबवण्याच्या पद्धतीने ते तयार करतात.

"म्हणजे विरजणासारखं?" आईंनी विचारलं.

"साधारण तसंच." मी पुढे म्हटलं, "जिवाणू आहेत हे खरं. दोष अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पण दह्यालाही आपण मर्यादा घालून घेतोच की."

त्या काही बोलल्या नाहीत. त्या रात्री सामायिक झाल्यावर मला हाक मारली. म्हणाल्या, "माझी आई शेवटची चार-पाच वर्षं भिंत धरून चालायची. म्हणायची, जमीन कापसासारखी लागते. आम्ही हसायचो. घरचं दूध सगळं डेअरीला जायचं, तिच्या वाट्याला ताकाचं पाणी." मग थोड्या वेळाने, "मला पण तसंच लागतंय गं. कापसासारखं."

आजींना हेच झालं होतं का, ते आता कोण सांगणार? पण दुसऱ्या दिवशी आई स्वतः तयार होऊन बसल्या. इंजेक्शनं सुरू झाली, सुरुवातीला एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. आता रोज जास्त मात्रेची एकच गोळी. "सहा मायक्रोग्रॅमने झालं नाही आणि आता पाचशे? एवढी कशाला?" हा त्यांचाच प्रश्न. कारण असं की जठराच्या त्या खास वाटेने एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम आत जातं. बाकीच्यातलं शंभरात एखादाच भाग आपोआप झिरपतो. म्हणून मात्रा मोठी ठेवतात. पण ही मात्रा प्रत्येकीची वेगळी, ती डॉक्टरांनीच ठरवायची. माझं वाचून कुणी स्वतःच दुकानातून आणू नका.

सहा महिन्यांनी जीभ झोंबायची थांबली, माळेचे मणी बरोबर यायला लागले, चालताना हात धरावा लागत नाही. डाव्या पायाच्या बोटांत मात्र बधिरपणा अजून आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, नसांना फार दिवस वाट बघायला लावली की सगळं परत येतंच असं नाही. ही दोन वर्षं मी परत आणू शकत नाही.

आता दुसऱ्या टोकाचंही सांगते, कारण आपण बायका एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकावर जातो. आमच्या घरचं ऐकून माझ्या धाकट्या जावेने स्वतःच ड जीवनसत्त्वाची पावडर आणली. साठ हजार युनिटची पुडी, आठवड्यातून एक, काही आठवडेच घ्यायची. तिने रोज घेतली. तीन आठवड्यांत उलट्या, बद्धकोष्ठ, सतत तहान. रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं निघालं. ब आणि क ही पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं जास्त झाली तर बरीचशी लघवीवाटे निघून जातात. अ, ड, ई, के ही चरबीत विरघळणारी, ती अंगात साठतात. त्यांचा अतिरेक विषासारखा होऊ शकतो. 'व्हिटॅमिनच आहे, काय होतंय' हे वाक्य आपल्या घरांतून हद्दपार करायला हवं. आणि खरं सांगायचं तर, गरज नसताना पाच-पाच डबे जमवून ठेवणं हाही परिग्रहच की.

आता वेष्टन वाचण्याबद्दल. हे काम आता आईंनीच हातात घेतलंय. भिंग घेऊन तांदूळ निवडतात तशा त्या गोळ्या 'निवडतात'. त्यांच्याकडून शिकलेलं सांगते:

पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर आपल्याकडे हिरवा ठिपका किंवा मांसाहारी असल्याची तपकिरी खूण असते. ती खूण पूर्वी ठिपका होती, आता चौकटीतला त्रिकोण आहे. पण औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या पट्टीवर हा ठिपका असेलच असं नाही, आणि परदेशातून आणलेल्या बाटलीवर तर नसतोच. ठिपका नाही म्हणजे शाकाहारी असं समजू नका. जिलेटिनऐवजी 'हायप्रोमेलोज' किंवा 'एचपीएमसी' लिहिलं असेल तर ते आवरण वनस्पतीच्या सेल्युलोजपासून केलेलं असतं. रंगात 'कार्माइन' असेल तर तो किड्यांपासून, चकाकीसाठी 'शेलॅक' असेल तर ती लाखेच्या किड्यांपासून. मुलांच्या त्या चघळायच्या गोड गोळ्यांमध्ये बऱ्याचदा जिलेटिन असतं, आणि कधी मधही. 'ड-तीन' बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनवतात, दगडफुलासारख्या लायकेनपासून बनवलेलंही मिळतं. लोकर कातरून काढलेली चालते की नाही, हे ज्याचं त्याने आपल्या व्रताप्रमाणे आणि गुरूंना विचारून ठरवावं. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खाद्यपदार्थांबद्दल सांगितलं होतं की, घटक नुसत्या सांकेतिक नावाने न लिहिता तो वनस्पतीचा, प्राण्याचा की प्रयोगशाळेतला हेही उत्पादकाने लिहावं. तोवर आणि त्यानंतरही, औषधाच्या दुकानात लाजू नका. "यात जिलेटिन आहे का? साधी दाबलेली गोळी मिळेल का?" एवढं विचारा. आमच्या मार्केट यार्डाजवळच्या दुकानातला मुलगा आता आईंना बघितलं की स्वतःच पट्टी उलटी करून दाखवतो.

आणि घरात काय बदललं? आईंना आणि मला रोज दोन वेळा दूध किंवा दही, ठरवून. चहातलं दूध मोजायचं नाही. दूध पुन्हा पुन्हा उकळवत बसत नाही, त्याने बी-ट्वेल्व्हचा काही भाग कमी होतो. पालेभाजीवर आणि वरणावर लिंबू, म्हणजे लोह चांगलं लागू होतं. जेवणावर लगेच चहा बंद, तो लोह अडवतो. वर्षातून एकदा रक्त तपासणी, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून नक्की. गोळी सकाळच्या जेवणानंतर, म्हणजे रात्रीभोजनाचा प्रश्नच नाही. एकाशनाला त्या एका जेवणात. उपवासाला नाही. अंगातला साठा एकदा भरला की दहा दिवसांनी काही बिघडत नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय. व्रत करणाऱ्यांनी हे त्यांना आधीच विचारून ठेवावं.

मी स्वतः? माझं बी-ट्वेल्व्ह १८६ निघालं. मला तर काहीच त्रास नव्हता! मीही तीच एक गोळी घेते. मल्टिव्हिटॅमिन घेत नाही, कारण माझ्या बाकीच्या तपासण्या ठीक आहेत. ज्यांना डॉक्टरांनी कारण बघून दिलं असेल त्यांनी जरूर घ्यावं. पण कुणीतरी प्रेमाने आणलं म्हणून नको.

काल खण आवरताना औषधांच्या डब्यावर एक नवी चिठ्ठी दिसली. पेन्सिलने, ठसठशीत अक्षरात. कोणती गोळी, कशासाठी, कधी सुरू केली, पुन्हा रक्त कधी तपासायचं. खाली लिहिलं होतं, 'वाचून घेतली.' पिठाच्या डब्यावर असते तशीच, तारखेसकट.

तुमच्याही खणात बघा एकदा. भिंग घेऊन बघा.